दुसऱ्या नंबरचं नाव

आमच्या कॉलेजात कुणाचा एच-इंडेक्स किती, हे मला तोंडपाठ होतं. प्राचार्यांचा तीन. रसायनशास्त्राच्या विभागप्रमुखांचा अकरा, पण त्यातली निम्मी सायटेशनं त्यांनीच स्वतःला दिलेली. मराठीच्या सरांचा शून्य, आणि त्यांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. माझा स्वतःचा किती, ते मी बरीच वर्षं बघितलंच नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या बाईला कोण विचारतंय?

तासिका तत्त्व म्हणजे तासावरची नेमणूक. पावसाळ्यात मुलाखत, उन्हाळ्यात नमस्कार. पुन्हा पावसाळ्यात तीच मुलाखत, तीच खुर्ची, आणि समोरचे तेच लोक विचारणार, "बसा मॅडम, काय शिकवता तुम्ही?" सतरा वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सतरा वर्षं ते मला हेच विचारत होते. माहेराहून, कन्नडहून, आईचा फोन यायचा, त्यात ख्यालीखुशालीच्या आधी एकच प्रश्न. "झालीस का गं परमनंट?" मी म्हणायचे, नाय अजून. मग ती म्हणायची, "बरं, जेवलीस का?"

माझे मिस्टर त्याच विभागात कायम नोकरीला. कॉलेजात मी त्यांना सर म्हणायचे, ते पुढं घरीही तोंडात बसलं. तेही मला मॅडमच म्हणतात. "मॅडम, कोथिंबीर आणू का?" असं फोनवर विचारतात. ऐकणाऱ्याला वाटतं हे दोघं भांडलेत.

कॉलेजचं मूल्यांकन असतं, त्याची फाईल दरवर्षी भरावी लागते. कुणी किती पेपर लिहिले, कुठल्या जर्नलमध्ये, त्याला किती सायटेशनं, बाहेरच्या कुणाबरोबर काम केलं. हे सगळं एका ठिकाणी आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण मला संगणक येतो आणि मला नाही म्हणता येत नाही. माझं स्वतःचं नाव त्या तक्त्यात धरलं जात नव्हतं, कारण तो तक्ता कायम नोकरीतल्या माणसांचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही पेपर लिहिला आणि दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा हवाला दिला, की तुमचं एक सायटेशन. तुमच्या पाच पेपरांना प्रत्येकी निदान पाच सायटेशनं असली की तुमचा एच-इंडेक्स पाच. एवढंच आहे. पण एवढ्यावरून एकाच स्टाफरूममधली माणसं एकमेकांना चहा विचारायची बंद होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शहराचं नाव बदललं तेव्हा पेपरांवरचे पत्ते दोन प्रकारचे झाले, जुन्या नावाचे आणि नव्या नावाचे. काहींच्या बाबतीत सायटेशनं मोजणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीनं एका माणसाची दोन माणसं केली, आणि दोघांची सायटेशनं निम्मी निम्मी. तेव्हा सगळे माझ्याकडं आले. मी महिनाभर बसून एकेकाला जोडत होते. माझ्याही नावाची दोन माणसं झाली होती. ती तशीच राहू दिली.

आता हर्सूलचं सांगते. हर्सूलचा तलाव कॉलेजपासून स्कूटीवर फार लांब नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला मी तिथं जायचे. रेशमी कापडाची निमुळती जाळी पाण्यातून ओढायची, तिच्या टोकाच्या बाटलीत जे जमेल ते घरी आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. कोणत्या महिन्यात कोणते, किती. आमच्या प्रयोगशाळेतले चाचा बरोबर यायचे, बादली आणि दोरी धरायला. ते काठावर बसून म्हणायचे, "क्या तो बी ढूँढते मॅडम, मच्छी बी नहीं पकड़ते." मी म्हणायचे, चाचा, मासळी ज्याच्यावर जगते ते धरते. त्यावर ते म्हणायचे, "फिर मच्छीच पकड़ो ना, सीधा हिसाब." असं सहा वर्षं चाललं.

सहा वर्षांतल्या एका उन्हाळ्यात तलाव पार आटला. तळाला भेगा. मी तिथला वाळलेला चिखल डब्यात भरून घरी आणला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर, पराती मांडून, त्यात पाणी घातलं. सर म्हणाले, आता ह्या परातीत कणीक मळणार का? मी म्हणाले, नवीन आणा. चौथ्या दिवशी पहिल्या परातीत हालचाल दिसली. कोरड्या चिखलात अंडी तग धरून बसली होती. पाणी मिळालं, फुटली. मी रोज सकाळ-संध्याकाळ मोजत बसले. कुठला जीव कितव्या दिवशी उठतो, किती खोलीवरच्या चिखलातून उठतो. तो उन्हाळा मला अजून चांगला आठवतो. मी सुखात होते, असं आता वाटतं.

त्याचा पेपर लिहून झाला तेव्हा रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वरणाचं पातेलं. पेपरात पहिलं नाव कुणाचं आणि दुसरं कुणाचं, एवढंच भरायचं राहिलं होतं. त्या वेळी सरांचं प्रमोशन अडलं होतं, पहिलं नाव असलेले पेपर कमी पडत होते. पहिल्या नावाला गुण जास्त, पुढच्यांना उरलंसुरलं, असा तो हिशेब असतो. सरांनी मागितलं नाही. हे मी शपथेवर सांगते, त्यांनी तोंडानं मागितलं नाही. मीच म्हणाले, "तुमचं टाकते आधी. मला कोण प्रमोशन द्यायला बसलंय?" ते म्हणाले, "अगं, काम तर तुझं आहे." मी म्हणाले, काम माझं आहे तर घर काय शेजाऱ्यांचं आहे का? आणि त्यांचं नाव पहिलं टाइप केलं.

आमच्याकडं सकाळी ज्याला आधी निघायचंय त्याच्या ताटात पहिली भाकरी जाते. त्यात मान नाही, अपमान नाही, घड्याळ असतं फक्त. मला ते तसंच वाटलं होतं.

पुढचे चार पेपरही मग तसेच गेले. सवय लागली. चाचांना एकदा छापील पेपर दाखवला, त्यात मी आभारात त्यांचं नाव घातलं होतं. त्यांनी आधी ते बोटानं चाचपलं, मग वर वाचलं आणि म्हणाले, "आपका नाम पीछे कायको? सर तो पानी के पास बी नहीं आए." मी म्हणाले, चाचा, आपलेच दात आपलेच ओठ. त्यांनी पेपर मला परत दिला. दोन वर्षांनी रिटायर झाले, मुलाकडं गेले.

चिखलाच्या पेपरला सायटेशनं यायला लागली. आधी वर्षाला दोन-तीन, मग वाढली. कुठल्या कुठल्या देशातले लोक हवाला द्यायचे, आणि तो द्यायची रीत अशी की पहिल्याचं आडनाव लिहायचं आणि पुढं "व इतर", मग ते इतर म्हणजे एकच जण का असेना. पत्रव्यवहाराला पत्ता सरांचाच होता. पासवर्ड मला माहीत. मेल यायची ती मी उघडायचे, मीच उत्तर लिहायचे, खाली सरांचं नाव. दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या गटानं विचारलं, आपण सगळ्यांनी मिळून निरनिराळ्या तलावांचं काम एकत्र करू या का. मी सरांच्या नावानं हो कळवलं. मग ऑनलाइन बैठक ठरली. सर कॅमेऱ्यापुढं बसले, मी लॅपटॉपच्या मागं स्टुलावर. तिकडून काही विचारलं की मी पाठकोऱ्या कागदावर उत्तर लिहून वर धरायचे. सरांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं म्हणून अक्षर मोठं काढावं लागायचं. एकदा मला शिंक आली तर तिकडच्या बाई म्हणाल्या, घरात कुणाला सर्दी झाली आहे का? सर म्हणाले, मिसेसना. आम्ही नंतर दोघंही हसलो होतो त्यावर.

सर वाईट नाहीत हो. हे लिहिताना मला सारखी भीती वाटते की वाचणारा त्यांना वाईट ठरवून मोकळा होईल. शिकवतात उत्तम. पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस दवाखान्यात तेच राहिले, तिचे केस विंचरून दिले. फक्त त्यांना तलाव आवडत नव्हता. चिखलाचा वास येतो म्हणायचे.

मग जाहिरात आली. कित्येक वर्षांनी भरतीला परवानगी मिळाली आणि आमच्या विभागात एक जागा निघाली. कायम. जाहिरातीचा कागद सरांनीच नोटीस बोर्डावर लावला, चार टाचण्या मारून. मी समोर उभी होते. ते म्हणाले, "बघा मॅडम, आली एकदाची." त्यांना खरंच आनंद झाला होता. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. अशी जागा पुन्हा निघेल तेव्हा मी म्हातारी असणार, हे मला कळत होतं. आणि दुसरंही कळत होतं. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली तर विभागातले सगळे तास त्या माणसाकडं जाणार. म्हणजे मला लागली तर लागली, नाही तर होते तेही तास गेले.

जाहिरातीत गुणांचा तक्ता होता. डिग्रीचे इतके, शिकवण्याचे इतके, पेपरांचे इतके. साठ गुण झाले तरच मुलाखतीला बोलावणार. मी इतक्या जणांचे तक्ते भरले होते, माझा भरायला दहा मिनिटं लागली. अठ्ठावन्न. पुन्हा भरला. अठ्ठावन्न. माझ्या एकटीच्या नावावर दोन पेपर होते, पण ते ज्या जर्नलमध्ये होते ते मध्यंतरी मान्य यादीतून निघालं होतं, ते धरत नव्हते. बाकी पाच. पाचही ठिकाणी मी दुसरी.

पाचातला एक जरी माझ्या पहिल्या नावाचा असता तरी साठच्या पुढं जात होते. एक. मी कागदावर त्या आकड्याभोवती गोल काढला आणि मग भाजी चिरायला गेले. वाटलं होतं रडू येईल, राग येईल. काही आलं नाही. गवार होती, ती निवडली.

दुसऱ्या दिवशी मी चिखलाच्या पेपरच्या जर्नलला लिहिलं, नावांचा क्रम चुकलाय, दुरुस्त होईल का. माझ्या नावानं लिहिलं होतं, पण उत्तर आलं सरांच्या पत्त्यावर, कारण पत्रव्यवहार त्यांच्याशी. म्हणजे ते उत्तर मीच उघडलं. दुरुस्ती होते, असं जर्नलवाल्यांनी कळवलं होतं, चार दिवसांत छापतो. दोन्ही लेखकांची सही लागेल. आणि एक फॉर्म भरावा लागेल, कुणी काय काम केलं त्याचा.

फॉर्मवर सहा ओळी होत्या. कल्पना कुणाची. नमुने कुणी गोळा केले. मोजणी कुणी केली. आकडेमोड कुणी केली. लिहिलं कुणी. देखरेख कुणाची. मी सहाही ओळींत माझं नाव लिहिलं आणि मग थांबले, कारण दुसऱ्या लेखकाचं नाव निदान एका ओळीत तरी पाहिजे, नाहीतर तो लेखक कसला?

सर बाहेरच्या खोलीत हरभरा सोलत बसले होते. मी फॉर्म घेऊन गेले, सगळं सांगितलं. अठ्ठावन्नचंही सांगितलं. मग विचारलं, "तुमचं काम काय लिहू यात?"

त्यांनी विचार केला. उगाच नाही, मनापासून केला, हातातला हरभऱ्याचा घाटा तसाच ठेवून. मग म्हणाले, "मी एकदा स्कूटी चालवली होती की. तुझा हात फ्रॅक्चर होता तेव्हा."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. आम्ही बऱ्यापैकी हसलो. मग हसणं संपलं. मी देखरेखीच्या ओळीत माझं नाव खोडून त्यांचं लिहिलं. त्यांनी पेन मागितलं आणि सही केली, वाचलंसुद्धा नाही. म्हणाले, "तू म्हणशील तसं. मी कधी नाही म्हणालोय का?" खरंच नव्हते म्हणाले कधी.

पेनला टोपण लावत ते पुढं म्हणाले, "फक्त माझी समिती झाली की पाठव. बुधवारी आहे. एवढं झालं की मोकळं."

सरांच्या प्रोफेसरपदाची फाईल त्या बुधवारी समितीपुढं जाणार होती. ती फाईल मी भरली होती. त्यात हे पाचही पेपर पहिल्या नावाचे म्हणून दाखवले होते, आणि पाच लागतच होते. त्यातला एक काढला की चार. हे सरांना माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांनी तक्ता कधी उघडला नव्हता. पण माझ्या अर्जाची शेवटची तारीख त्याच्या आधीचा शनिवार होती. आणि ती तारीख ज्या कागदावर होती त्याला चार टाचण्या त्यांनीच मारल्या होत्या.

मी म्हणाले नाही की शनिवार आधी येतो. म्हणायला पाहिजे होतं. त्यांनी म्हटलं असतं, बरं मग आजच पाठव. म्हटलं असतं, कदाचित. की गप्प बसले असते? मला ते बघायचं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला घरात ठेवावं लागतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी दोघांचा एक तक्ता केला. सवय. सरांचं प्रमोशन, पाच पेपर असले तर जवळजवळ नक्की. माझी नोकरी, साठ झाले तरी पुढं मुलाखत, मुलाखतीत काय होतं ते सगळ्यांना ठाऊक. एक नक्की, एक अंधारात. दुसऱ्या कुणी हा तक्ता माझ्याकडं आणला असता तर मी त्याला काय सांगितलं असतं, तेच मी मला सांगितलं. सही झालेला तो फॉर्म हजेरीच्या रजिस्टरमध्ये ठेवला. शनिवारी मी तो फॉर्म न पाठवता आहे तसा अर्ज भरला, प्रॅक्टिकल घेतलं, पोरांना झुरळाच्या मुखांगांची स्लाइड दाखवली, आणि पाच वाजून गेले.

छाननीची यादी लागली ती त्याच बोर्डावर. अपात्र म्हणून नऊ नावं, त्यात माझं. कारणाच्या रकान्यात अठ्ठावन्न. लेक्चरला जाता-येता मुलं थांबून वाचत होती. एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, हे चुकून लागलंय ना?" मी म्हणाले, नाही गं बाळा, बरोबर आहे, मी तपासलंय. आईला फोनवर सांगितलं, नाय झालं. ती म्हणाली, "जावईबापूचं झालं का?" मी म्हणाले, त्यांचं झालं. "मग बरं," ती म्हणाली. "एकाचं तरी झालं." लई दिवसांत पहिल्यांदा तिनं मला जेवलीस का विचारलं नाही.

सरांचं झालं होतंच. समितीत त्यांना चिखलाबद्दलच विचारलं. घरी येऊन पाय धुता धुता ते सांगत होते, "तू सांगितलं होतंस तेच विचारलं बघ. किती खोलीवरचा, कितव्या दिवशी. मी धडाधड सांगितलं." मी टॉवेल धरून उभी होते. तोंड पुसून झाल्यावर त्यांना आठवलं. "आता पाठवायचा ना तो फॉर्म?" त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. मी म्हणाले, आता कशाला?

"नाही, म्हणजे तुझं काम आहे, तुझं नाव असू दे की."

"राहू द्या. पोहे करू का?"

ते बरं म्हणाले. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला पाहिजे होता. मी अंगात शोधला. दाताच्या डॉक्टरनं भूल दिल्यावर आपण गाल चावून बघतो ना, तसं करून बघितलं. नव्हता कुठं.

जागेवर जी आली ती पाचोडची मुलगी. तिशीतली, तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. घरात दखनी, बाहेर आमच्यापेक्षा चांगलं मराठी. तिचे पेपर मी तपासून बघितले, दुसरं काय करणार, हात शिवशिवतात. सगळे स्वच्छ. चारांत पहिलं नाव, आणि चारही स्वतः केलेले, वाचलं की कळतं. तिच्या पीएचडीत आमच्या चिखलाच्या पेपरचा हवाला अकरा ठिकाणी होता. तिचा दुस्वास करायला मला काहीच सापडलं नाही, ह्याचंही मला वाईट वाटलं.

ती रुजू झाली त्या दिवशीच सरांचा सत्कार ठेवला होता. विभागात, चहाच्या वेळी. शाल, नारळ, पेढे. मला चार्ज द्यायचा होता म्हणून मीही थांबले होते. चार्ज म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, दोन सूक्ष्मदर्शक, जाळ्या, नमुन्यांच्या बाटल्यांची वही. प्राचार्य बोलले, सरांच्या एच-इंडेक्सचा आकडा त्यांनी सांगितला, तो मीच सकाळी त्यांना लिहून दिला होता. मग सर बोलायला उभे राहिले. आधी संस्थेचे आभार, मग प्राचार्यांचे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "संशोधन म्हटलं की घराकडं दुर्लक्ष होतं. पण मॅडमनी घर सांभाळलं, कधी तक्रार केली नाही, म्हणून हे होऊ शकलं. यात त्यांचा मोठा वाटा आहे." ते खोटं बोलत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांना ते तसंच दिसायला लागलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

पेढे वाटून लोक पांगले. आम्ही तिघंच राहिलो, सर, ती आणि मी. मी तिला बाटल्या मोजून देत होते. ती मध्येच वळून सरांना म्हणाली, "सर, तुमच्या त्या पेपरमुळंच मी या विषयाकडं वळले. मला हर्सूलचं काम पुढं न्यायचंय. तुम्ही तो चिखल नेमका कुठून घेतला होता? पेपरात जागा एवढी नीट कळत नाही."

सर म्हणाले, "हां, ते…" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं, बैठकीत बघायचे तसं.

मी सांगितलं. सांडव्याकडून उजवीकडं गेलं की एक बाभूळ आहे, तिथून पाण्याच्या दिशेनं सरळ उतरायचं, चाळीसेक पावलं. वरची पापडी काढून टाकायची, ती उन्हानं मेलेली असते. भेगेच्या आतल्या अंगाचा घ्यायचा, चार बोटं खोलीचा, त्याच्या खाली काही उठत नाही. काठावरचा घेऊ नकोस, तिथं म्हशी बसतात. आणि लोखंडी खुरपं नको, लाकडी उलथणं ने. ती भराभरा वहीत लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिनं वर बघितलं, चेहरा खुललेला.

"मॅडम, म्हणजे तुम्हीपण जायचात सरांबरोबर?"

मी सरांकडं बघितलं. एका वाक्याचं उत्तर होतं आणि ते त्यांनी द्यायचं होतं. सर शालीची घडी घालत होते. एकदा घातली, नीट बसली नाही म्हणून उलगडली, पुन्हा घालायला लागले.

"जायचे कधीमधी," मी म्हणाले. "डबा द्यायला."